आयर्लंडच्या वर्क परमिटसाठी 34 हजार यूरो पगार लागतो म्हणतात. ओव्हरटाइम धरून चालतो का?

मालवणची_जामीनदार
8 फेब्रुवारी 2026, रात्री 10.20

नमस्कार. मी मालवणात एका पतपेढीत कर्ज विभागात काम करते. परदेशी नोकरीतलं मला ओ का ठो कळत नाही, पण एका कागदावर जामीन म्हणून सही करायची वेळ आली आहे, म्हणून इथे विचारतेय.

धाकटा भाऊ तारकर्लीला एका रिसॉर्टात कुक आहे. डिप्लोमा केलेला, हात चांगला. सीझनला 28 हजार हातात पडतात, पावसाळ्यात अर्धं रिसॉर्ट बंद असतं तेव्हा पगारही अर्धा. त्याला एका एजंटमार्फत आयर्लंडमध्ये केरी परगण्यातल्या हॉटेलात शेफची ऑफर आली आहे. ऑफर लेटरमध्ये लिहिलंय: ताशी 14.15 यूरो, आठवड्याला 48 तास, वर्षाचे 35,318 यूरो. खोली हॉटेल देणार, त्याचे आठवड्याला 90 यूरो पगारातून कापणार.

एजंटचं म्हणणं असं की परमिटसाठी वर्षाला किमान 34,000 पगार लागतो आणि आपण त्याच्या वर आहोत, तेव्हा काळजी नको. पण 1 मार्चपासून हा आकडा वाढून 36,605 होणार आहे, म्हणून काहीही करून 28 फेब्रुवारीच्या आत अर्ज गेला पाहिजे. एकूण सहा लाख. दोन आत्ता "परमिट फी आणि प्रोसेसिंग" म्हणून, चार परमिट हातात आल्यावर.

बाबा कलमं तारण ठेवायला तयार आहेत. भाऊ म्हणतो, "आता नाय गेलंय तर मगे कधी जातलंय?" त्याचंही चुकत नाही. पण कर्ज आमच्याच पतपेढीतून काढायचं आहे आणि जामीन मी.

मला अडलंय ते इथे. आमच्याकडे कर्जदाराचं उत्पन्न धरताना आम्ही ओव्हरटाइम धरत नाही. या महिन्यात आहे, पुढच्या महिन्यात नाही, त्यावर हप्ता कसा बसवणार? मग तिकडचं सरकार 48 तास धरून केलेला वर्षाचा हिशोब मान्य करतं का? आणि खोलीचे पैसे कापल्यावर पगार 34 हजारांच्या खाली येतो, ते चालतं का? 1 मार्चची गोष्ट खरी आहे की पैसे काढायची युक्ती?

कोणी तिकडे असेल तर सांगा. "एजंट लोक चोर असतात" हे माहीत आहे, ते सोडून सांगा.


आंबेकर_देवगड
8 फेब्रुवारी, रात्री 10.41

ताई, जास्त विचार करू नका. पोरगा सुटतोय तर सुटू दे. इथे चार महिने पावसात बसून काय करणार? माझा साडू न्यूझीलंडला गेला, आज घर बांधलं त्याने.


मालवणची_जामीनदार
8 फेब्रुवारी, रात्री 10.58

आंबेकर, साडूंचं अभिनंदन. त्यांना जामीन कोण राहिलं होतं?


राजापूरकरीण
9 फेब्रुवारी, पहाटे 3.15 (इकडे रात्र आहे)

मी कॉर्कला आहे, एका हॉटेल कंपनीत पगारपत्रकं करते. परमिटवर आलेल्या लोकांचे कागद दर महिन्याला हातातून जातात, त्यामुळे तुमच्या नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येईल.

नाही चालत. तुमची पतपेढी करते तेच इकडचं सरकार करतं. जनरल एम्प्लॉयमेंट परमिटसाठीचा (शेफसारख्या नोकऱ्यांना लागतं ते साधं वर्क परमिट) किमान पगार 39 तासांच्या आठवड्यावर मोजतात आणि त्यात फक्त बेसिक धरतात. ओव्हरटाइम, बोनस, रविवारचे जादा पैसे, शिफ्टचे पैसे, टिप्स, यातलं काही मोजत नाहीत. बेसिकखेरीज एकच गोष्ट धरता येते, ती म्हणजे मालकाने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता, तोही नोंदणी असलेल्या विमा कंपनीचा.

तर तुमच्या भावाचा हिशोब असा: 14.15 गुणिले 39 गुणिले 52, म्हणजे 28,696 यूरो. हा झाला त्याचा खरा पगार. 34 हजारांना 5,300 कमी. एजंटने नऊ तास जास्त लावून तो 35 हजारांवर नेला आहे. आणि 14.15 हा आकडा कुठून आला बघा. 1 जानेवारी 2026 पासून आयर्लंडमधली कायद्याने ठरलेली किमान मजुरी ताशी 14.15 आहे. म्हणजे डिप्लोमावाल्या कुकला त्यांनी भांडी घासणाऱ्या पोराचा दर लावला. 48 चीही गंमत आहे. इथल्या कायद्यात आठवड्याच्या कामाची कमाल सरासरी 48 तास आहे. कमीत कमी दर आणि जास्तीत जास्त तास, दोन्ही टोकं धरून आकडा जुळवलाय.

34,000 साठी ताशी 16.77 तरी लागतात. 36,605 साठी 18.05. एजंटला बाकी काही विचारू नका, एवढंच विचारा: "39 तासांचा ताशी दर किती?" वर्षाचा आकडा कोणी सांगितला की मी पहिला हाच प्रश्न विचारते.

1 मार्चची गोष्ट मात्र खरी आहे. 2024 च्या जानेवारीत हा आकडा 30,000 वरून 34,000 झाला. 2025 च्या जानेवारीत एकदम 39,000 करायचं ठरलं होतं, पण हॉटेलवाल्यांनी आणि बाकी मालकांनी ओरड केली म्हणून ते थांबवलं. आता एकदम उडी न मारता थोडं थोडं वाढवायचं ठरलंय, त्यातली पहिली वाढ 1 मार्च 2026 ची, 36,605. क्रिटिकल स्किल्सचं (टंचाई असलेल्या उच्च कौशल्याच्या कामांचं) परमिट वेगळं, तिथे संबंधित डिग्रीवाल्यांना 38,000 चे 40,904 होतात, पण शेफ त्यात बसत नाही. वृद्धाश्रमातले केअरर आणि मांस कारखान्यातले कामगार यांना सवलतीचा आकडा आहे, 30,000 होता तो 32,691 होतोय. हे मुद्दाम सांगते, कारण बरेच एजंट "तीस-बत्तीसमध्ये होऊन जातं" असं सांगताना केअररचा आकडा शेफला लावतात.

आता 28 फेब्रुवारीबद्दल. शेफच्या जागेसाठी अर्ज करण्याआधी मालकाला ती जागा इथे आणि युरोपात जाहीर करावी लागते, सरकारी जॉब्सआयर्लंडच्या साइटवर आणि आणखी एका ऑनलाइन ठिकाणी, सलग 28 दिवस. कोणी लायक माणूस मिळाला नाही तरच बाहेरून आणता येतो. ते 28 दिवस संपल्याशिवाय परमिटचा अर्ज आत घेतच नाहीत. आज 9 तारीख. जाहिरात जानेवारीत लागली असेल तर 28 फेब्रुवारी गाठता येईल. लागली नसेल तर कितीही धावपळ केली तरी नाही. जाहिरात कधी लागली ते विचारा. आणि विचारण्याआधी स्वतः शोधा, ती सगळ्यांना दिसते. त्यात हॉटेलचं गाव, तास आणि पगार लिहावाच लागतो.

खोलीचं: परमिटसाठी बघतात तो पगार कापाकापीच्या आधीचा. भाडं घ्यायला हरकत नाही, पण ते करारात असलं पाहिजे आणि भावाने मान्य केलेलं असलं पाहिजे. 90 हा दर केरीत वाईट नाही. खरं सांगायचं तर खोली मिळतेय ही या ऑफरमधली एकमेव चांगली गोष्ट आहे. किलार्नी, डिंगल या बाजूला सीझनमध्ये भाड्याने जागा मिळणं म्हणजे मे महिन्यात कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट.

सहा लाखांबद्दल नंतर लिहिते, सकाळी सातला कामावर जायचंय.


म्हसळेकर_भाई
9 फेब्रुवारी, सकाळी 9.05

ताई, राजापूरच्या बाईंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी आयर्लंड बघितलं नाही, पण माझी उमर मस्कत आणि दोहात गेली, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे किमान पगार तिकडच्या सरकारने नाही, आपल्या सरकारने ठरवला होता. दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे कामाला परदेशी जाताना सरकारची तपासणी लागणारा, तो ठरलेल्या 18 देशांत कामाला निघाला की परवानगी लागते, आणि त्या कागदावर दिल्लीने ठरवलेल्या किमान रेफरल वेतनाच्या खाली पगार चालत नाही. कागद मुंबईच्या पीओई ऑफिसात (ही परवानगी देणारं सरकारी ऑफिस) अडतो. चांगली गोष्ट होती. मग 2020 च्या सप्टेंबरात, कोरोनात, तोच आकडा आपल्याच सरकारने खाली आणला. ओमान, कतार, बहरीन, यूएई 200 डॉलर. कुवेत 245, सौदी 324. म्हणे जास्त पगार मागितला तर बांगलादेशी, नेपाळी घेतील. तेलंगणाचे लोक हायकोर्टात गेले, ओरड झाली, तेव्हा 2021 च्या जुलैत परत घेतला. त्या दहा महिन्यांत जे नवीन गेले त्यांच्या करारावर 200 लिहिलेलं राहिलं. आमच्या मोहल्ल्यातली पोरं आहेत त्यात, नावं कशाला घेऊ.

कतारने 2021 च्या मार्चपासून स्वतःचा कायदा केला. 1,000 रियाल बेसिक. जेवण देत नसशील तर वरचे 300, खोली देत नसशील तर वरचे 500. तिन्ही वेगवेगळे. म्हणजे मालकाला "खोली दिली, ती पगारात धर" असं म्हणायची सोयच नाही. माझं एवढंच म्हणणं की पगाराच्या कागदावर बेसिक, राहणं, खाणं आणि ओव्हरटाइम चार वेगळ्या ओळींत नसेल तर तो कागद परत द्या. एका ओळीत मोठा आकडा लिहून देणारा माणूस मी आजवर सरळ निघालेला पाहिला नाही.

आणि एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी भरतीसाठीच्या आपल्या सरकारच्या, साइटवर नाव टाकून बघा. नोंदलेल्या एजंटला कामगाराकडून 30 हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. सगळे घेतात, ती गोष्ट वेगळी. पण सहा लाख म्हणजे हद्द झाली.


मालवणची_जामीनदार
9 फेब्रुवारी, दुपारी 2.30

दोघांचे आभार. जेवणाच्या सुट्टीत एजंटला फोन केला. "39 तासांचा दर किती" विचारल्यावर तो आधी गप्प, मग म्हणाला, "मॅडम, तिकडे सगळे 48 करतात." मी म्हटलं, करू देत, कागदावर काय आहे? तर म्हणाला, डिपार्टमेंटला जाणारा कागद वेगळा असतो, तो हॉटेल बघेल, तुम्ही त्यात पडू नका.

मग म्हणजे कागद दोन आहेत.

ई-मायग्रेटवर त्याच्या ऑफिसचं नाव मिळालं नाही. विचारलं तर म्हणाला आम्ही "कन्सल्टन्सी" आहोत, भरती नाही. भावाला सांगितलं तर तो माझ्यावरच चिडला. तुला मी जायला नकोय, म्हणाला. बाबांनी मध्ये पडून दोघांना गप्प केलं.

राजापूरकरीण, हातात किती पडतील तेवढं सांगाल का? त्याला तेच ऐकायचं आहे.


गुहागरची_सून
9 फेब्रुवारी, संध्याकाळी 6.10

मी सिंगापूरला. मिस्टर जुरोंगच्या शिपयार्डात. इथेही तसंच आहे म्हणून लिहिते. एस पाससाठी (मधल्या कौशल्याच्या परदेशी कामगारांचं परमिट) सप्टेंबर 2025 पासून महिन्याला किमान 3,300 सिंगापूर डॉलर, वय वाढेल तसा जास्त. त्यात फिक्स पगार आणि दर महिन्याला ठरलेले भत्तेच धरतात, ओव्हरटाइम अजिबात नाही. भारतीय हॉटेलातल्या कुकसाठी सप्टेंबर 2023 पासून वर्क परमिटचा वेगळा रस्ता उघडला, तिथे किमान 2,000 फिक्स. तुमच्या भावाला आयर्लंडचं जमलं नाही तर याचा विचार करा, पण तिकडच्या मानाने पगार कमी आणि कुटुंब नेता येत नाही.

इथे नोकरी देण्यासाठी मालकाने कामगाराकडून पैसे घेणं गुन्हा आहे, आणि परमिटची लेव्हीही (परदेशी कामगारामागे सरकारला द्यायचा कर) मालकानेच भरायची. तरी आमच्या ओळखीत एकाने पगार बँकेत पूर्ण घेऊन त्यातले 400 रोख परत दिले, दर महिन्याला. कागद स्वच्छ. कोणाला कळणार?


देवबाग_डाइव्ह
9 फेब्रुवारी, रात्री 9.30

विषय थोडा उलटा आहे, पण सांगतो. आम्ही देवबागला स्कूबाचा धंदा करतो. मागे एक श्रीलंकेचा इन्स्ट्रक्टर यायला तयार होता, महिन्याला 70 हजार देणार होतो. सीएने सांगितलं, भारताचा एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा तर परदेशी माणसाचा पगार वर्षाला 16.25 लाखांच्या वर लागतो. 70 हजाराने वर्षाचे 8.40 लाख होतात, निम्मे. वर असंही की जे काम करायला इथली माणसं आहेत त्याला हा व्हिसा देतच नाहीत, आणि तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत शिकलेली आपलीच पोरं आहेत. मुद्दा बरोबर होता, मी गप्प बसलो.

मजा म्हणजे या 16.25 लाखाच्या अटीतून कुकला सूट आहे, स्वतःच्या देशाचं जेवण बनवणारा असेल तर. दुभाषालाही आहे. म्हणजे थाई आचारी तारकर्लीत कमी पगारावर आणता येईल, डाइव्ह मास्टर नाही. आपल्याकडे राहत्या घराची किंमत पगारात धरतात, पण इन्कम टॅक्ससाठी ती पगारात दाखवली असेल तरच. आयर्लंडपेक्षा थोडं सैल.

जामीनदार ताई, तुमचा भाऊ ज्या रिसॉर्टात आहे तिथलं मी जेवलोय. सुरमईचं तिखलं कोण करतो विचारा, तोच असेल तर 18 यूरो कमीच आहेत.


मालवणची_जामीनदार
9 फेब्रुवारी, रात्री 9.52

तोच करतो. कृपया त्याच्यासमोर बोलू नका, आधीच डोक्यावर बसलाय.


राजापूरकरीण
10 फेब्रुवारी, पहाटे 2.40

आधी हातात किती. 36,605 च्या पगारावर, एकट्या माणसाचा टॅक्स, यूएससी (पगारावरचा आणखी एक कर) आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याचा हप्ता) जाऊन महिन्याला साधारण 2,550 ते 2,600 यूरो. खोलीचे सुमारे 390 गेले की 2,200 च्या आसपास. स्टाफचं जेवण बहुतेक हॉटेलांत मिळतं. काटकसरी असेल तर महिन्याला लाख-सव्वा लाख रुपये घरी पाठवू शकतो, थंडीचे कपडे घेतल्यानंतर.

आता त्याच्या चिडण्यावर उपाय सांगते. एजंटच्या कागदाप्रमाणे 48 तास राबून त्याला वर्षाला 35,318 मिळणार. तेच 48 तास ताशी 18.05 ने केले तर 45,053 होतात. फरक 9,735 यूरो, म्हणजे दहा लाखांच्या आसपास रुपये, दर वर्षी. तुम्ही त्याला अडवताय असं त्याला वाटतंय ना? त्याला हा आकडा दाखवा. या किमान पगाराची अट मालकाला जाच वाटते, पण ती आपल्या माणसासाठीच आहे. ती नसती तर सगळ्या परमिटवर 14.15 च छापलं असतं.

सहा लाख. दोन वर्षांच्या जनरल परमिटची सरकारी फी 1,000 यूरो आहे. अर्ज नाकारला तर त्यातले 90 टक्के परत मिळतात, ज्याने भरले त्याला. एजंट "परमिट फी" म्हणून दोन लाख घेतोय, म्हणजे फीच्या जवळजवळ दुप्पट, आणि अर्ज फसला तर 900 यूरो कोणाच्या खात्यात येतील याचा विचार करा. शिवाय मालकाने ही फी, भरतीचा खर्च किंवा विमानाचं भाडं कामगाराच्या पगारातून वळतं करायला इथे कायद्याने बंदी आहे. पासपोर्ट ठेवून घ्यायलाही बंदी. परमिटनंतर भावाला व्हिसा वेगळा काढावा लागेल, त्याची फी 60 यूरो. इथे उतरल्यावर नोंदणी कार्डाचे 300. खरे खर्च एवढेच. बाकी तिकीट आणि कपडे.

दोन कागद असणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. परमिटवर पगार छापलेला असतो. हॉटेलने सरकारला 39 तासांचे 36,605 सांगितले आणि भावाला 14.15 ने दिले, तर दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी महसूल खात्याकडचा पगाराचा हिशोब मागतात, तिथे तो कमी दिसतो. परमिट अडकतं आणि अडकतो तो कामगार. वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे (कामगारांच्या तक्रारी बघणारी इथली सरकारी संस्था) तक्रार करता येते, लोक करतात, जिंकतातही. पण नव्या माणसाला पहिले नऊ महिने मालकही बदलता येत नाही, आणि नवीन देशात, हॉटेलच्याच खोलीत राहून, हॉटेलच्याच विरुद्ध तक्रार करायची म्हणजे किती जणांना जमेल?

आणखी एक तपासा. हॉटेलातले निम्मे तरी कर्मचारी युरोपातले असावे लागतात. केरीतल्या मोठ्या हॉटेलाला ते सहज जमतं. छोटी रेस्टॉरंट इथेच आपटतात.

जाहिरात शोधलीत का?


मालवणची_जामीनदार
11 फेब्रुवारी, रात्री 8.45

सापडली. भावानेच शोधली. दहा लाखांचा आकडा दाखवल्यावर त्याचा राग कुठल्या कुठे गेला. जॉब्सआयर्लंडवर त्याच हॉटेलची, त्याच गावची, शेफ द पार्टीची (किचनचा एक विभाग सांभाळणारा शेफ) जागा. 39 तास. वर्षाला 36,700 यूरो. जाहिरातीची तारीख 3 फेब्रुवारी.

मी बोटांवर मोजलं, मग कॅल्क्युलेटरवर मोजलं. 3 फेब्रुवारीला 28 दिवस मिळवले की 3 मार्च. म्हणजे 28 फेब्रुवारीला अर्ज जाणं शक्यच नव्हतं, आणि हॉटेलला ते माहीत आहे, म्हणूनच त्यांनी नवा आकडा टाकलाय. एजंटला दोन लाख घाईने हवे होते ते कशासाठी, ते आता कळलं.

फोनवर त्याला तारीख सांगितली. म्हणाला ती जागा वेगळी, आपली वेगळी. एकाच हॉटेलात एकाच वेळी एका शेफला 36,700 आणि दुसऱ्याला 14.15? "मॅडम, तुम्ही फार खोलात जाता." मी म्हटलं, कर्ज विभागात आहे.

भावाने जाहिरातीतल्या पत्त्यावर थेट ईमेल केला आहे. सीव्ही, डिप्लोमा आणि त्याच्या जेवणाचे चार फोटो. मी एजंटचं ऑफर लेटरही जोडायला सांगितलं होतं, तो म्हणाला नको, आधी त्यांचं उत्तर तर येऊ दे. त्यावरून घरात अजून वाद चालू आहे. तुम्हाला काय वाटतं?


राजापूरकरीण
12 फेब्रुवारी, पहाटे 3.05

भाऊ बरोबर आहे. पहिल्या पत्रात तक्रार नको. पण मुलाखतीपर्यंत गोष्ट गेली तर लेटर दाखवा आणि सरळ विचारा, हे तुमचं आहे का? हॉटेलच्या एचआरला अनेकदा पत्ताच नसतो की भारतात कोणी त्यांच्या नावाने लेटर छापतंय. त्यांचं असेलच, तर ते तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

परमिटच्या अर्जावर मालकाबरोबर कामगाराचीही सही लागते. सही करण्याआधी पगाराचं आणि तासांचं पान पूर्ण बघायला मागायचं. "नंतर पाठवतो" म्हणाले तर सही नंतर.

उत्तर यायला आठवडा लागेल, सेंट पॅट्रिक्स डेच्या आधी इथे सगळ्या हॉटेलांत धांदल असते. तोवर कलमं आहेत तशीच राहू देत.


म्हसळेकर_भाई
12 फेब्रुवारी, सकाळी 8.20

ताई, एजंटला एक पैसा रोख देऊ नका, आणि आधी काही टोकन दिलंय का ते लिहिलं नाहीत. दिलं असेल तर पावती जपून ठेवा.


मालवणची_जामीनदार
12 फेब्रुवारी, सकाळी 9.40

टोकन दहा हजार, भावाने मला न विचारता गूगल पेने दिले होते. स्क्रीनशॉट आहे. पोलिसांत जायचं की आधी परत मागायचं, ते बाबा आज ठरवणार आहेत.